चॅपलच्या पायऱ्या आणि डेसचे बूट

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या त्या क्लबात रविवारी दुपारी रॉक-संगीताची प्रश्नमंजुषा सुरू होण्याआधी बर्फाची रिकामी बादली टेबलांमधून फिरते आणि सगळ्यांनी आपापले फोन तिच्यात टाकायचे असतात. पंधरा वर्षांच्या टॅम्सिन ओल्डरॉइडने आपला फोन असा काही टाकला की बादली खणखणली.

"सावकाश गं," तिचे आजोबा म्हणाले. "हरायची एवढी घाई कशाला?"

"हरतंय कोण? आजोबा, तुम्ही फक्त चहा प्या."

आजोबा, म्हणजे डेस, पेशाने सुतार. पन्नासहून जास्त वर्षं ते एकच गोष्ट सांगत आले होते. एकोणीसशे बहात्तरच्या जानेवारीत 'कॉपर हेरॉन' हा बँड गावातल्या रिकाम्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, गाणी रेकॉर्ड करायला आला होता. तेव्हा सुतारकामाची उमेदवारी करणारे डेस तिथलं दार दुरुस्त करायला गेले. दिवसभर मनासारखा ठोका न सापडलेल्या गायकाने त्यांना प्रवचनाच्या मंचाच्या लाकडी पायऱ्यांवर उभं केलं आणि लोखंडी टोकाच्या बुटांनी धपाधप नाचायला लावलं. बँडच्या शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला जे ठोके जगभर वाजतात, ते डेसचे बूट! अख्खा क्लब ही गोष्ट ऐकायचा आणि अख्खा क्लब हसायचा. कुणी खोकलं, तरी मागून आवाज यायचा, "ऐकलंत? डेसच्या बुटांचा आवाज!"

टॅम्सिनही हसायची. पण गेल्या शनिवारी लीड्सच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात तिने एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आज ती गोष्ट पोटात घेऊनच ती इथे आली होती.

प्रश्न विचारायला होता क्लिफर्ड एकरॉइड. पोस्टातून निवृत्त झालेला, गावातला सगळ्यात मोठा रेकॉर्ड-संग्राहक. बक्षीसही त्याचंच होतं. 'कॉपर हेरॉन'च्या त्याच रेकॉर्डची पहिली आवृत्ती, वेष्टनावर चौघांच्या सह्या, सगळं काचेच्या चौकटीत बंद. सह्या पुसट होतील या धाकाने ती रेकॉर्ड त्याने एकदाही बाहेर काढली नव्हती.

"सदतिसावा प्रश्न," क्लिफर्डने घसा खाकरला. "दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. सुरुवातीचे ठोके कशावर मारलेत?"

मागच्या टेबलावर लगेच खसखस पिकली. डेसनी पेन्सिल खाली ठेवली.

"चहाची पेटी लिही," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"बँडवरच्या पुस्तकात तेच छापलंय, बाळ. ड्रमवाल्याने चहाची रिकामी लाकडी पेटी बडवली म्हणे. एक गुण मिळेल. लिही आणि मोकळी हो."

टॅम्सिनने त्यांच्याकडे पाहिलं. लोक हसायचे तेव्हा तिला इतकं लागलं नव्हतं. आज तर आजोबाच स्वतःची गोष्ट सोडून द्यायला निघाले होते. तिने टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'डेस ओल्डरॉइडचे बूट, मंचाच्या पायऱ्यांवर.'

रिवाजाप्रमाणे कागद शेजारच्या टेबलाशी बदलले गेले. त्यांचा कागद एडना ब्रॉडबेंटकडे गेला. चाळीस वर्षं बस चालवलेली ही बाई कोणाच्याही चुकीवर फुली मारताना बिचकत नसे. सदतिसाव्यावरही तिने फुली मारली. शेवटी एडनाचे सेहेचाळीस, ओल्डरॉइडांचे पंचेचाळीस.

टॅम्सिन उभी राहिली. "मिस्टर एकरॉइड, सदतिसावं उत्तर चुकलंय. तुमचं."

"कार्डावरचं उत्तर अंतिम असतं, पोरी."

"असू दे. गुण नकोच मला." तिने कागदाच्या तुकड्यावर काहीतरी खरडलं, घडी घातली आणि ती क्लिफर्डच्या खिशात खोचली. "मिसेस ब्रॉडबेंट, रेकॉर्ड आता तुमची. शेवटचं गाणं संपतं ना, तिथून लेबलापर्यंत एक गुळगुळीत काळी पट्टी असते. तिथे रेकॉर्ड बनवतानाच सुईने काहीतरी कोरलंय, पहिल्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीवर. लीड्सच्या दुकानातल्या प्रतीवर मी जे वाचलं, ते यांच्या खिशात आहे. तुम्ही तुमचं वाचा."

"चौकट उघडायची?" क्लिफर्डचा चेहरा पडला. "एडना, अगं, तिला हवा लागेल!"

"मलाही रोज लागते, क्लिफर्ड. मरते का मी?" एडनाने पर्समधून नेलफाइल काढली आणि मागची चिकटपट्टी एका दमात फाडली. सह्यांना बोटही न लावता तिने रेकॉर्ड बाहेर सरकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि काळी तबकडी खिडकीतल्या उजेडात तिरकी धरली.

कुणाचा तरी सॉसेज रोल तोंडाजवळच थांबला.

"डी... ई... एस," एडना वाचू लागली. "डेस, पाय पुसून ये."

क्लिफर्डने खिशातली घडी उलगडली, पाहिली आणि तशीच उंच धरली. टॅम्सिनच्या अक्षरात तेच होतं. डेस, पाय पुसून ये.

"पुसले नव्हते मी," डेस पुटपुटले. "बाहेर बर्फाचा चिखल होता. त्या गायकाने चारदा सांगितलं, आणि चारदा मी विसरलो."

"म्हणजे माझ्याच घराच्या भिंतीवर..." क्लिफर्डने रिकामी चौकट उचलली. "एकवीस वर्षं, डेस! एकवीस वर्षं लटकत होतं ते! आणि मीच तुला सगळ्यात जास्त हसलो."

"हो, आणि हसतोसही घोड्यासारखा," डेस म्हणाले.

क्लिफर्डने कार्डावरची 'चहाची पेटी' खोडली आणि खाली नवं उत्तर लिहिलं. निकाल मात्र बदलला नाही. बक्षीस एडनाचंच राहिलं, आणि ती ते कुणाला देणारही नव्हती. पण कोपऱ्यातल्या प्लेअरवर तिने ती रेकॉर्ड स्वतः चढवली आणि सुई शेवटच्या गाण्याच्या आधी टेकवली.

"चला, डेस," ती म्हणाली. "स्टेजला पायऱ्या आहेत."

डेस उठले, आणि स्टेजकडे न जाता थेट दाराकडे चालू लागले.

"आजोबा! कुठे निघालात?"

दारातल्या पायपुसण्यावर त्यांनी आधी उजवा बूट घासला, मग डावा, आणि मग पुन्हा उजवा. क्लबात असा काही हशा उठला की काचा थरथरल्या. ते परत आले, स्टेजच्या पायरीवर चढले आणि टॅम्सिनकडे बघून भुवई उडवली. रेकॉर्डवर पहिला ठोका पडला, तेव्हा तो दोन ठिकाणांहून एकदमच ऐकू आला.