पंचवीस ठोक्यांची माती

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत ठोकेकाकांचा दरारा होता. काम वरकरणी सोपं. लोखंडी साच्यात काळ्या मातीचे तीन थर भरायचे, अडीच किलोचा घण फूटभर उंचीवरून सोडायचा, दर थराला पंचवीस ठोके. मग साचा तोलून मातीची घनता काढायची. रस्त्याच्या भरावावर रोलरवाल्यांनी निदान तिच्या पंचाण्णव टक्के तरी गाठायची, असा नियम. काकांच्या हातची माती दर दोन-चार वर्षांनी थोडी जास्तच घट्ट भरे. 'या भागातील माती सातत्याने सुधारत आहे,' असा अहवालही वरिष्ठांनी लिहिला होता. मातीला कोणी विचारलं नव्हतं.

यंदा पंचाईत अशी, की रोलरवर काकांचा सख्खा जावई होता.

"बाबा, तीन दिवस घाण्याच्या बैलासारखा फिरतोय मी," बुटांना किलोभर चिखल घेऊन तो दारातच उभा राहिला. "एक पॉइंट शेहेचाळीसच्या वर आकडा हलत नाही. आता तर माती चाकाखाली गादीसारखी दबते आणि मागून पुन्हा वर येते. तुमचा एक पॉइंट पंचावन्न आला कुठून?"

"मनगटातून," काका म्हणाले. "आमच्या वेळचे रोलरवाले..."

"तुमच्या वेळचे रोलरवाले रिटायर झाले म्हणून सुटले!"

आकडा जुळला नाही तर दोनशे मीटर भराव उकरायचा, असं इंजिनिअर मॅडमनी बजावलं होतं. त्यातच लेकीचा फोन आला. "बाबा, तुमच्या मातीपायी ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाहीये." काका भूकंपाला भ्याले नसते, लेकीला भीत.

मॅडम म्हणाल्या, "काका, चाचणी पुन्हा करू. माझ्यासमोर."

माती पाणी घालून रात्रभर मुरत ठेवली. सकाळी काकांनी बाह्या सरसावल्या. मॅडम स्टुलावर बसल्या, जावई भिंतीला टेकला. घण पडू लागला, काकांचे ओठ हलू लागले.

पहिला थर झाल्यावर मॅडमनी विचारलं, "किती झाले?"

"पंचवीस. नेहमीसारखे."

"तेहतीस झाले."

काका हसले. मग हसायचे थांबले. "मी आकडे मोजत नाही, मॅडम. कोणी मध्येच बोललं की चुकतात. मी घरची माणसं म्हणतो. मोठे काका, मोठी काकू, धाकटे काका... नोकरीला लागलो तेव्हा बरोबर पंचवीस होती."

"आणि आता?"

"आता दोन सुना, पाच नातवंडं..." काकांनी भिंतीकडे पाहिलं, "आणि हे."

"म्हणजे मीसुद्धा?" जावई भिंतीपासून सुटला. "मला न गाठता येणारा आकडा माझ्याच नावानं ठोकलाय?"

"तुम्ही सव्विसावे, जावईबापू. मानाचं स्थान आहे."

"पण यातले काही तर..." मॅडम संकोचल्या.

"गेलेत ना. म्हणून काय गाळायचं? मोठे काका जिवंतपणी एवढ्या-तेवढ्यावरून रुसायचे."

मॅडमना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. "काका, जास्त ठोके म्हणजे जास्त घनता, तीही कमी पाण्यात. साच्यात ते छान दिसतं. पण ही माती कोरडी आणि फार घट्ट ठोकली, की पुढे पाणी लागल्यावर तेवढीच फुगते. रस्ता उचलते. जावई तुमच्या आकड्याला पोचले नाहीत, हे बरंच झालं."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं मोठ्या मनानं छताकडे पाहिलं.

काकांनी साचा रिकामा केला. "आकडे तुम्ही म्हणा. मी तोंड मिटून ठोकतो."

किती पाण्यात माती सगळ्यात घट्ट बसते ते कळावं म्हणून पाच साचे झाले, प्रत्येकात पाण्याचं प्रमाण आधीच्यापेक्षा थोडं जास्त. पंचवीस म्हणजे पंचवीस. माती भट्टीत सुकायला गेली आणि दुसऱ्या दिवशी हिशेब निघाला: सगळ्यात घट्ट साचा एक पॉइंट बावन्न. जावयाचा शेहेचाळीस म्हणजे त्याच्या शहाण्णव टक्के. भराव पास. 'आधीच्या चाचणीत ठोके जास्त पडले,' असं काकांनी कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं, सही केली, आणि सगळ्या जुन्या चाचण्याही पुन्हा करायला मागितल्या.

"भरावावर येता का, बाबा?" जावयानं विचारलं. तीस वर्षांत काकांनी आपला आकडा कधी जमिनीवर पाहिलाच नव्हता. ते केबिनमध्ये दांडी घट्ट धरून, अंग चोरून बसले. रोलर मुंगीच्या चालीनं निघाला.

"याहून जोरात जात नाही?"

"नाही."

"मग ठीक," काका म्हणाले आणि पाय पसरून ऐसपैस बसले.