शेकाची खोली

"हे भोक परत उघडा, लोटनभाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या आणि हातातल्या काठीचं टोक त्यांनी नव्या भिंतीच्या तळाशी टेकवलं. सकाळी तिथे वीतभर झरोका होता. आता तिथे ओलं सिमेंट होतं.

लोटन मिस्त्रीनं थापी खाली ठेवली. शिंदखेड्याहून जळगावात आल्यापासून त्याचा उभा जन्म केळी पिकवायच्या खोल्या बांधण्यात गेला होता. खोली म्हणजे हवाबंद, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक.

"वारा घुसना ते माल पिकस नही, बाई."

"माल मी आहे. मला पिकायचं नाही, श्वास घ्यायचाय."

लोटन छिन्नी घेऊन खाली बसला आणि भोक उकरू लागला.

एक्क्याण्णव सालचा मे महिना. जळगावाशेजारच्या पिंप्राळ्यातली कुत्रीसुद्धा दुपारी नळाखालच्या ओलीत अंग टाकून असत, आणि ही बाई अंगणात गरम खोली बांधत होती. लोकांनी हसू नये तर काय करावं! पण सुनंदाबाईंच्या गुडघ्यांना ऊन पुरत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत त्या एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस राहिल्या. तिथे एक लाकडी, कोरड्या धगीची खोली होती, तिला ते लोक सौना म्हणत. रोज तिच्यात बसून दहाव्या दिवशी त्या काठीशिवाय जिना उतरल्या होत्या. घरी आल्यावर महिनाभरात गुडघे पुन्हा धरले. त्यांचा चौथीचा वर्ग शाळेच्या माडीवर भरे. जूनमध्ये जिना चढणं जमलं नाही तर निवृत्तीचा अर्ज द्या, असं मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शाळाही गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना कळत नव्हतं.

म्हणून त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मापं टाकली. सहा फूट बाय पाच, छत हात लागेल इतकं खाली, चुलीचं तोंड भिंतीबाहेर, आत जाड पत्र्यावर काळे दगड आणि बसायला दोन उंचीच्या फळ्या. गिरणा नदीतले गोल गोटे त्यांनी परत पाठवले, तापले की फुटतात म्हणून, आणि खाणीतला दगड मागवला. पितांबर सुतारानं फळ्यांना वरून खिळे ठोकले, तेव्हा त्याच्याकडून एकूण एक उपटून घेतले.

"तापलेल्या खिळ्यावर तू बसशील का?"

पितांबरनं खिळे खालून मारले.

खरा अडथळा अभिमनभाऊंचा होता. थोरले दीर, अंगण दोघांचं, मधे निंबाचं झाड. भिंत आपल्या बाजूला आली म्हणून त्यांनी तीन वेळा टेप लावून पाहिला. तिन्ही वेळा ती सुनंदाबाईंच्याच हिश्श्यात निघाली. मग ओट्यावर चार माणसं बसलेली असताना ते मोठ्यानं म्हणाले,

"तऱ्हा पाहा कशी शे. जिला पोर नाही, तिनं बाळंतिणीची खोली बांधली."

माणसं हसली. दारात उभ्या असलेल्या ताईबाई, अभिमनभाऊंची बायको, त्याही पदराआड हसल्या.

"बांधली, भाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या. "उद्या दार बसतंय. या बघायला."

बोलून टाकलं, पण घरात शिरल्यावर त्यांनी दाराला कडी घातली. राग आला होता आणि रडूही. त्यांनी राग ठेवला, कारण रागानं निदान उभं राहता येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बाभळीची लाकडं लावून खोली पहिल्यांदा तापवली. जुनं लुगडं गुंडाळून खालच्या फळीवर बसल्या. दगडांवर तांब्यातलं चार थेंब पाणी टाकलं, ते चर्रकन उडालं. घाम फुटला. बऱ्याच वेळानं उजवा गुडघा हळूहळू वाकला, पूर्ण नाही, पण एका पायरीपुरता. त्या एकट्याच हसल्या.

दार कुरकुरलं. ताईबाई होत्या.

"मी बसू का जराशी?"

"या, अक्का. वर बसा, वर धग जास्त लागते."

ताईबाई वर चढून भिंतीला पाठ लावून बसल्या. कंबर चाचपत, डोळे मिटून म्हणाल्या,

"पाच बाळतपणं व्हयनात, सुनंदा. एक बी खेपले शेक भेटना नही. तिसरे दिन वावरमा."

सुनंदाबाईंनी तीस वर्षं या बाईचा हेवा केला होता. पाच बारशी, पाचही वेळा त्यांनीच वाटलेले पेढे. त्या बारशांच्या आधी ही बाई कपाशीत वाकलेली होती, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेरून अभिमनभाऊंची हाक आली. "कुठे गेली? चहा टाक."

ताईबाई सवयीनं अर्ध्या उठल्या. मग पुन्हा खाली टेकल्या.

"तुम्हीच करी ल्या," त्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या.

थोड्या वेळानं पलीकडच्या स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

ताईबाईंनी पाय लांब केले.

"सुनंदा, कितला दिन बसनं पडी?"

सुनंदाबाईंनी दगडांवर आणखी थोडं पाणी टाकलं.

"सव्वा महिना," त्या म्हणाल्या.