वाटून घेतलेल्या गोळ्या

माही प्रियदर्शनी दोन वर्षांपासून रक्ताचे जुलाब काढून राहिली होती. आतड्याले सूज. अकोल्याचे डॉक्टर म्हने, सूज उतरली नाही तर मोठं आतडं कापा लागन, पोटाले पिशवी लावा लागन. बावीस वर्षांची पोर, बाप्पा.

मंग समजलं, अमरावतीच्या एका दवाखान्यात सांधेदुखीची जुनी गोळी या आजारावर चालते का, ते पाहून राहिले. अर्ध्या लोकांले खरी गोळी, अर्ध्यांले तशीच दिसणारी पिठाची. कोणाले कोणती, ते डॉक्टरलेबी माहीत नसते म्हने.

पोरीचं नाव तिथं घातलं. तिथंच परतवाड्याची सुरैय्या भेटली. तिच्या नगमालेबी हेच दुखणं. दर खेपेले आमी जेवणाचे डबे एकत्रच उघडत होतो. माह्या पोरीचं रक्त थांबलं, अंगावर मास आलं. नगमा मात्र वाळतच चालली. प्रियदर्शनीले वाटलं, तिच्या नशिबी पिठाचीच आली. पंगतीत एकाले वाढून दुसऱ्याले उपाशी ठेवाची आमच्यात रीत नाही. पोरीनं दोघींच्या बाटल्या एकात ओतल्या अन् निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या. आमा दोघी मायांले पत्ताच नाही.

पुढच्या खेपेले डॉक्टरीणबाईनं सहज इचारलं, "गोळ्या बरोबर घेतल्या ना?" रोज पंचशील म्हणणारी पोर, खोटं कशाले बोलते? सांगून मोकळी झाली. तिथल्या तिथं दोघींची नावं कापली.

सुरैय्या म्हने, "बाई, बच्चियों की गलती है. एक डाव माफ करा."

बाई म्हने, नियम आहे.

"मंग आता तरी सांगा," मी म्हटलं, "खरी कोणाची होती?"

बाईनं कुठं कुठं फोन लावले. खालच्या मानेनं म्हणाली, "दोघींचीही खरीच होती. काहींना गुण यायला वेळ लागतो."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. खऱ्यात खरी मिसळली, तर बिघडलं काय? "मंग तीच गोळी लिहून द्या. दुकानात भेटते ना?"

"आतड्यासाठी ती अजून सिद्ध झालेली नाही. सांध्यांसाठीच लिहिता येते."

"अवो, माह्या पोरीच्या पोटात झाली ना सिद्ध."

बाईनं फाईल मिटली.

मी तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. साडी गुडघ्यावर घेतली. "मंग माहे गुडघे दुखतात. लय दुखतात. मले लिहून द्या."

बाईनं दोन्ही गुडघे दाबून पाहिले, पाय वाकवून पाहिले. आमी चौघी तिच्या तोंडाकडे पाहून राहिलो.

"ठणठणीत आहेत," ती म्हणाली, अन् हात धुवाले गेली.