बेसिनखालचा डबा

आमच्या स्वयंपाकघरातला नळ मी लग्न होऊन आले तेव्हापासून गळतोय. आणि नवरा कोण, तर प्लंबर! नाशकातल्या कितीतरी कॉम्प्लेक्सवाल्यांकडे ह्यांचा नंबर. कुठं भिंतीला ओल आली, कुठं टाकी आपोआप रिकामी व्हायला लागली, की 'संतोषभाऊ, लवकर या.' हे लगेच गाडीला किक मारणार. आणि मी म्हटलं, 'अहो, आपला नळ?' की ठरलेलं उत्तर, 'उद्या बघतो.' तो उद्या काही उजाडला नाही. भांडून भांडून दमले, मग नळाखाली पातेलं ठेवायला शिकले. माझं बघून चैतालीही शिकली.

चैताली आमची एकुलती एक. सिडकोतल्या एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. हात असा की ब्लाउज शिवून घ्यायला पिंपळगावहून बायका यायच्या. गेल्या गणपतीनंतर डेंगू झाला आणि आठवड्याच्या आत पोरगी गेली. गंगेवर दहावा झाला, त्याच संध्याकाळी ह्यांनी तिच्या दुकानाला कुलूप घातलं नि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

आत माझा ब्लाउज होता. माझ्या लग्नातला हिरवा शालू जागोजागी विरला होता, त्याचा चांगला भाग काढून ती माझ्यासाठी शिवत होती. 'मम्मी, एक बाही तेवढी राहिलीय,' म्हणाली होती. मला दुसरं काही नको होतं हो. तिच्या हातचे टाके अंगाला लागावेत, एवढंच. पण किल्ली मागितली की हे ताटावरून उठून बाहेर जायचे.

थंडी पडली आणि तिच्या खालच्या दुकानाचं छत ओलं व्हायला लागलं. ते हुजैफाभाईंचं झेरॉक्सचं दुकान. बिचारा भला माणूस. आमचं दुःख माहीत, म्हणून तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. कागदांवर प्लास्टिक टाकायचा नि गप्प बसायचा. शेवटी कॉम्प्लेक्सच्या सेक्रेटरीनंच ह्यांना बोलावलं. हे म्हणाले, गच्चीवरून झिरपतंय. गच्ची करून झाली. मग म्हणाले, शेजारच्या संडासाचा पाइप आहे. तोही बदलला. ओल आपली वाढतच होती. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस अख्ख्या इमारतीत केसाएवढी चीर शोधून काढतो, आणि ह्याला एवढं सापडू नये?

मग दुकानांच्या सुट्टीच्या दिवशी शोधायचं ठरलं. ह्यांचा मदतनीस वणीला गडावर गेलेला, म्हणून मी गेले व्हॉल्व्ह बंद-चालू करायला. रीत साधी आहे. सगळे नळ बंद करायचे, लोखंडी सळईचं एक टोक पाइपला नि दुसरं कानाला लावायचं. कुठं पाणी निसटत असेल तर सळईतून सूंऽऽ असा आवाज येतो.

चैतालीच्या दाराबाहेरून पाइप आत जातो. तिथं ह्यांनी सळई टेकवली आणि लगेच काढली.

"इथं काही नाही."

"आणा इकडं," म्हटलं, आणि सळई हातातून ओढूनच घेतली. कानाला लावते तर काय, स्वच्छ ऐकू आलं. माझ्यासारख्या अडाणीलासुद्धा!

"एवढं मोठ्यानं येतंय, आणि तुम्हाला ऐकू येत नाही?"

"नाही येत."

"खोटं बोलताय तुम्ही. माझ्या डोळ्यांत बघून बोला."

हे जिन्यावर जाऊन बसले. आमचा आवाज ऐकून हुजैफाभाई वर आले. त्यांनी कुलपाकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं. म्हणाले, "वहिनी, राहू द्या. मी माल दुसरीकडं हलवतो. नका उघडू." त्यांनी असं म्हटल्यावर मात्र ह्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

दार उघडलं तर कुबट वासानं श्वास कोंडला. फरशीभर पाणी. शिलाई मशीनचे पाय गंजलेले. बेसिनच्या खाली चैतालीचा जेवणाचा डबा ठेवलेला, काठोकाठ भरलेला. वरून थेंब पडत होता नि डबा भरभरून वाहत होता. बाजूलाच जमिनीवर तिची कापडाची पिशवी. त्यात माझा ब्लाउज. उचलला तर शालूवर सगळी काळी बुरशी, आणि लावलेली बाही टाक्यांसकट माझ्या हातात आली.

मला काही सुधरलं नाही. मी ह्यांच्या अंगावर धावून गेले. "ऐकू येत होतं ना तुम्हाला? सगळं माहीत होतं ना? कुजवलात माझा ब्लाउज! माझ्या लेकीच्या हातचं एवढंच उरलं होतं, तेही कुजवलंत!"

हे त्या डब्याकडंच बघत होते. "तिनं फोन केला होता," म्हणाले. "पप्पा, बेसिनखाली गळतंय, येऊन बघा ना. मी म्हटलं, उद्या बघतो. दुसऱ्या दिवशी ताप भरला." मग ह्यांनी वाकून डब्याला हात लावला. "तिनं सांगितलेलं शेवटचं काम आहे हे. हे केलं की तिचं माझ्याकडं काही मागणं उरत नाही गं. म्हणून करवत नव्हतं मला."

राग तर होताच, अजूनही आहे. पण ह्यांच्या हातून पाना नटाला लागेना. मग मीच पाना धरला, ह्यांनी वॉशर बदलला. मेलं इवलंसं रबर ते! थेंब थांबला. ह्यांनी सळई घेतली, पाइपला लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत बसले.

"नाही येत आता," म्हणाले आणि हमसून हमसून रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हुजैफाभाई दारात तोंड फिरवून उभे राहिले.

घरी आलो. मी ब्लाउजची बाही धुऊन दोरीवर घातली. डाग जाणार नव्हते, तरी घातली. वळून बघते तर हे स्वयंपाकघरात. पातेलं बाजूला सारलेलं, हत्यारांची पिशवी उघडलेली, हात आमच्या नळावर. इतकी वर्षं ज्यासाठी भांडले, ते आज न सांगता करायला निघाले होते.

हेही झालं की मग माझं तरी ह्यांच्याकडं काय मागणं उरणार? मी पुढं होऊन ह्यांचा हात धरला आणि पातेलं परत नळाखाली सरकवलं.

"राहू द्या हो," म्हटलं. "उद्या बघा."