ऑस्ट्रँडरचा बिल्ला

“तो बिल्ला उचल तिथून,” मार्शा खालच्या आवाजात म्हणाली. “माणूस मार्चमध्ये गेला. बरं दिसत नाही.”

“उचलते,” अर्लिस म्हणाली, आणि उचलला नाही.

ओमाहातल्या त्या हॉटेलच्या दालनाबाहेर लांबलचक टेबलावर नावांचे चारशे बारा बिल्ले आडनावांच्या क्रमाने मांडलेले होते. माजी सैनिकांचे भरपाईचे दावे लढवणाऱ्या वकिलांच्या संघटनेची ही वार्षिक परिषद. मार्शा क्विग्ली संघटनेची संचालक, आणि अर्लिस मॅटर्न तिच्या कचेरीतली कारकून. बारा वर्षं झाली, बिल्ले अर्लिसच मांडत आली होती, आणि बाराही वर्षं एकच बिल्ला क्रम मोडून डाव्या कोपऱ्यात ठेवत आली होती. हॉलिस ऑस्ट्रँडर सगळ्यांच्या आधी यायचा. जाताना पुढच्या वर्षीची फी भरूनच जायचा. “मी पुढच्या वर्षी असेन याचा तेवढाच पुरावा,” म्हणायचा. यंदाही यादीत त्याचं नाव आलं, यंत्राने बिल्ला छापला, आणि फेकायला अर्लिसचा हात धजावला नाही. उगाच कशाला, कुणाचं काय जातंय, असं तिने स्वतःला समजावलं.

समोरच्या खुर्चीवर एक म्हातारी बाई मांडीवर खाकी पाकीट धरून तासभर बसली होती. पंचाहत्तरीच्या पुढची, चांगला कोट, पण पायात शेतातले बूट. कुणा वकिलाची आई असेल असं अर्लिसला वाटलं होतं. शेवटी तिने विचारलं, “कॉफी आणू का तुम्हाला?”

“नको गं पोरी. आधीच दोन झाल्यात. आणखी प्यायले तर परत जाताना दर वीस मैलांना थांबावं लागेल,” म्हातारी म्हणाली. सदुसष्टाव्या वर्षी कुणी पोरी म्हटल्याचं अर्लिसला बरं वाटलं. “मी मिस्टर ऑस्ट्रँडरची वाट बघतेय. त्यांचा फोन लागत नाही. पण दर नव्या वर्षाला ते आम्हा दोघांच्या नावाने पत्र पाठवायचे ना, कुठल्या तारखांना कचेरीत नसतील ते. त्यात लिहिलं होतं, सतरा-अठरा ऑक्टोबर, ओमाहा. म्हटलं गाठावं. हे काय, बिल्ला आहे त्यांचा. येतीलच.”

आपल्या हळव्या खुळापायी ही बाई तासभर मेलेल्या माणसाची वाट बघत बसली होती. ती टेबलाला वळसा घालून आली, शेजारची खुर्ची ओढून बसली आणि सरळ सांगून टाकलं. असल्या गोष्टी सांगायची दुसरी रीत तिला माहीत नव्हती.

म्हातारीने बिल्ल्याकडे बघितलं. मग म्हणाली, “असं होय. कचेरीतून काही पत्रं आली होती, पण ती लेस्टरच्या नावाने. लेस्टरच्या नावाची पत्रं मी फोडत नाही. खणात टाकते.”

बाईचं नाव नोरीन टकेट. ब्रोकन बो गावाहून साडेतीन तास एकटी गाडी चालवत आली होती. नवरा लेस्टर नौदलात चार वर्षं बॉयलरखोलीत होता. पुढे फुप्फुसं गेली. ती जहाजातल्या कामानेच गेली, असा त्याचा दावा. माजी सैनिक खात्याचं म्हणणं तसं नव्हतं. नऊ वर्षं चाललं होतं ते. आणि आता लेस्टरही नव्हता.

“म्हणून आले. हे त्यांना द्यायचं होतं.” तिने पाकिटातून एक कागद काढला. वहीच्या रेघी पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की माझे पती वारले आहेत, तरी त्यांचा दावा बंद करावा. “आता तूच घे. उद्या वर्ष होतंय. म्हटलं त्याच्या आत हे निस्तरावं.”

“उद्या?” अर्लिसने विचारलं. “अठरा ऑक्टोबरला गेले?”

“अठराला. सकाळी.”

आता हे काम काय आहे ते ज्याला माहीत आहे, त्यालाच त्या तारखेचा धसका कळेल. सैनिक मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मरतो. फक्त एका वर्षाच्या आत बायकोने अर्ज केला, की मी त्याच्या जागी उभी राहते, तर जिथे थांबला तिथून तो पुढे चालतो. एक पानाचा अर्ज. वर्षावर एक दिवस गेला की त्या कागदाला रद्दीइतकी किंमत. अर्लिसला तो अर्ज रकान्यांसकट पाठ होता.

पण अर्लिस वकील नव्हती. फोनवर रडणारी, ओरडणारी, देवाची शपथ घालणारी माणसं तिने बारा वर्षं ऐकली होती आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं होतं, की आम्ही सल्ला देत नाही, तुमच्या भागातल्या तीन वकिलांची नावं देतो. नावं पाळीपाळीने द्यायची, कुणाची शिफारस करायची नाही. मार्शाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “एक शब्द जास्त बोललीस आणि तो चुकला, तर संघटना बसलीच म्हणून समज.” अर्लिस एक शब्दही जास्त बोलली नव्हती.

“हा कागद अजून कुणाला देऊ नका,” ती म्हणाली. आवाज जरा चढलाच होता. “इथेच बसा. हलू नका.”

मार्शा तेवढ्यात आलीच. “काय झालं? तीन नावं दे आणि मोकळी हो.”

“तिघेही आत बसलेत, मार्शा. चारशेच्या चारशे आत बसलेत. सगळ्यांचे फोन बंद. आणि हिच्याकडे उद्यापर्यंतच वेळ आहे.”

“मग जेवणाच्या सुट्टीत—”

पण अर्लिस दार ढकलून आत गेलीसुद्धा. आत डेसमंड प्रुइट भाषण करत होता. विषय होता मुदती. मागच्या पडद्यावर दिवस मोजण्याचे नियम झळकत होते आणि चारशे वकील ते उतरवून घेत होते. मधल्या वाटेवर प्रश्न विचारणाऱ्यांसाठी ध्वनिक्षेपक ठेवला होता. अर्लिस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काय अर्लिस,” डेसमंड व्यासपीठावरून म्हणाला, “जास्त बोललो का? जेवण लागलं?”

“बाहेर एक विधवा आहे,” अर्लिस म्हणाली. “उद्या वर्ष भरतंय. तिचा वकील ऑस्ट्रँडर होता. मला एक वकील हवाय. आत्ता.”

एक मागितला तर अकरा आले. आणि अकरा वकील एका टेबलाभोवती जमले की जे व्हायचं तेच झालं. एक म्हणाला अर्जाचा नमुना बदललाय, दुसरा म्हणाला जुनाही चालतो, तिसऱ्याने आधी वकीलपत्र घ्या म्हणून धोशा लावला. डेसमंडने सगळ्यांना बाजूला सारलं, “माझं भाषण बुडालंय, तेव्हा मीच लिहिणार,” म्हणत खुर्ची ओढली आणि एकेक रकाना विचारून भरला. मग पेन नोरीनच्या पुढे धरलं.

नोरीनने ते घेतलं नाही.

“म्हणजे हे बंद होणार नाही,” ती म्हणाली. “मी सही केली तर परत सुरू.”

“तुम्ही लेस्टरच्या जागी उभ्या राहाल, मिसेस टकेट. दावा जिवंत राहील.”

“किती दिवस?”

डेसमंड खोटं बोलणारा माणूस नव्हता. “दोन वर्षं. चारही लागतील.”

“मी शहात्तरची आहे रे बाबा. नऊ वर्षं त्या पत्रांनी आमचं घर खाल्लं. टपाल यायच्या वेळेला लेस्टर खिडकीत जाऊन बसायचा. शेवटी शेवटी धाप लागायची, तरी बसायचा. मला ती खिडकी नको आता. मी बंद करायला आले होते.” तिने पेन हाताने बाजूला सारलं. “तुम्ही सगळी चांगली माणसं आहात. पण मला घरी जाऊ द्या.”

अकराही वकिलांनी कागद आवरायला घेतले. अशील नको म्हणतोय, संपलं. डेसमंडने अर्लिसकडे बघून खांदे पाडले.

“तुम्ही जरा लांब जा,” अर्लिस त्यांना म्हणाली. इतक्या वर्षांत तिने वकिलांना पहिल्यांदाच असं काही सांगितलं असेल. ते गेलेही.

“मी तुम्हाला सल्ला देत नाही,” ती नोरीनजवळ बसत म्हणाली. “मला परवानगी नाही. माझं काय झालं ते सांगते फक्त. माझा नवरा वेंडल. व्हिएतनामहून आला तो हात थरथरत आला. पुढे सगळं अंगच थरथरायला लागलं. तिथल्या जंगलांवर जे विष फवारायचे त्याने झालं, असं तो म्हणायचा. त्याचा सख्खा भाऊ म्हणायचा, दारूने झालंय. वेंडल दारू प्यायचा नाही हो. त्याने दावा लावला, आणि दावा चालू असतानाच गेला. मीही तुमच्यासारखीच. पाकिटं खणात टाकली. एक दिवस धीर करून फोडली आणि या संघटनेला फोन केला. तीन नावं मिळाली. तिसरा ऑस्ट्रँडर. त्याने माझ्याकडून तारखा विचारून घेतल्या. म्हणाला, बाई, सोळा दिवस उशीर झाला.”

“सोळा,” नोरीन म्हणाली.

“सोळा. त्याने मग मला इथे चिकटवलं. म्हणाला, फोन उचलायला माणूस हवंय, तुला त्यातलं कळतं. पैशांचं काही नाही, माझं भागलं. पण वेंडल खरं बोलत होता असं कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. त्याच्या भावाला दाखवायला. मला स्वतःला बघायला. ते आता कधी कुणी लिहिणार नाही, आणि ते माझ्यामुळे. तेरा वर्षं झाली, मला ते सलतं. तुम्हाला घरी जायचं असेल तर जा. मी तुम्हाला गाडीपर्यंत सोडते. पण हे माहीत नसताना जाऊ नका.”

नोरीनने आपलं रेघी पान उचललं. मग तिने त्याची चार घड्या घालून पुडी केली आणि कोटाच्या खिशात टाकली.

“लेस्टरला जहाजावरचा बॉयलरवाला साहेब म्हणायचा, टकेट, तुला खोकायची हौस आहे,” ती म्हणाली. “कुठाय ते पेन?”

सही झाली. पुढे हॉटेलच्या फॅक्सने सगळ्यांना रडवलं. खात्याचा नंबर तब्बल पावणेदोन तास व्यस्त. डेसमंड दर पाच मिनिटांनी बटण दाबायचा आणि यंत्राला नावं ठेवायचा. मार्शा दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली ती सँडविचं घेऊन. चारच्या सुमाराला यंत्राने एकदाचा पोचल्याचा कागद बाहेर टाकला, तारीख-वेळेसकट. अर्लिसने त्याच्या तीन प्रती काढल्या. एक नोरीनच्या हातात देऊन म्हणाली, “ही खणात टाकू नका.”

नोरीनला अंधारात गाडी चालवणं जमत नव्हतं. त्या दिवशी ती अर्लिसकडेच राहिली. दोघींनी काय बोलायचं ते बोलून घेतलं.

परिषदेचा शेवट शुक्रवारच्या जेवणाने होतो. चिली, म्हणजे राजमा-मांसाचा तिखट रस्सा, आणि तिच्याबरोबर दालचिनीचे रोल. बाहेरगावच्या वकिलांना ही जोडी दर वर्षी चमत्कारिक वाटते आणि दर वर्षी ते दोनदा मागून घेतात. जेवणानंतर नावं वाचतात. निकालाची वाट बघता बघता त्या वर्षी गेलेल्या अशिलांची नावं वकिलांनी कार्डावर लिहून पेटीत टाकायची. अर्लिसने वाचायचं: नाव, दावा लावल्याचं साल, वकील. वकिलाचं नाव आलं की त्याने उभं राहायचं आणि शेवटपर्यंत उभंच राहायचं. वकिलाचं नाव नसलेलं कार्ड वाचायचं नाही, हा जुना नियम. अशी कार्डं अर्लिसने आजवर न वाचता बाजूला ठेवली होती, आणि वेंडलचं कार्ड कधी लिहिलं नव्हतं.

बिल्ल्याशिवाय जेवणाला आत सोडत नाहीत. तेव्हा तिने शुक्रवारी सकाळी डाव्या कोपऱ्यातला बिल्ला उचलला आणि नोरीनच्या गळ्यात घातला. मार्शाने ते बघितलं आणि यादीवर ऑस्ट्रँडरच्या नावापुढे हजर अशी खूण केली.

पस्तीस-चाळीस कार्डं झाली. दालनात ठिकठिकाणी माणसं उभी होती. मग मोठ्या, जरा वाकड्या अक्षरातलं एक कार्ड आलं.

“लेस्टर टकेट. दावा, दोन हजार पंधरा. वकील, हॉलिस ऑस्ट्रँडर.”

कुणी हललं नाही. मग मागच्या टेबलावरून नोरीन टकेट उठली. शेजारच्या माणसाने आधाराला हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

अर्लिसने पुढचं कार्ड उचललं. तेच नोरीनचं वाकडं अक्षर. सालाचा रकाना कोरा होता. काल बोलण्यात साल सांगायचं राहूनच गेलं होतं. अर्लिसने सगळं कार्ड एकदा मनात वाचलं, आणि मग तिला चष्मा काढून पुसावा लागला. नियमाप्रमाणे हे कार्ड बाजूला ठेवायचं की नाही, हे तिने डेसमंडला विचारलं असतं तर त्याने त्यावर तासभर भाषण केलं असतं. तिने विचारलं नाही.

“वेंडल मॅटर्न,” ती वाचत म्हणाली. आवाज बाकीच्या नावांना लागला होता तेवढाच. “दावा, दोन हजार तीन. वकील, त्याची बायको.”

माना इकडेतिकडे वळल्या. कोण उभं राहतंय ते लोक बघत होते.

अर्लिस उभीच होती. तिने ते कार्ड गठ्ठ्याच्या खाली घातलं आणि पुढचं नाव वाचलं.