गुंडोकाकांचा मृत्यू, १९५८

सोमवारी सकाळी सर्च इंजिनने आमच्या गुंडोकाकांना मारून टाकलं. काका त्या वेळी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या स्प्रिंगच्या कारखान्यात बसून इडली खात होते. पडद्यावरच्या चौकटीत त्यांचा हसरा फोटो होता, खाली 'हरिकथाकार, स्प्रिंग उत्पादक' आणि त्याखाली 'मृत्यू: १९५८, तंजावर'.

यंत्राला काय बोल लावायचा! आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत थोरल्या नातवाला आज्याचं नाव ठेवतात आणि वर म्हणतात, आजाच परत आला. म्हणायचं म्हणून म्हणतात, मनावर कोणी घेत नाही. काकांनी घेतलं. त्यांचे आजोबाही गुंडोच, १९५८ साली तंजावरला वारलेले थोरले हरिकथाकार, ऑनलाइन विश्वकोशात त्यांच्यावर चार ओळी आहेत. मी कारखान्याची वेबसाइट करायला बसले, तर काका मागेच लागले. वेबसाइटच्या पोटात यंत्राला वाचता येईल अशी माहिती लिहायची असते: मालक कोण, धंदा कसला, आणि मालक विश्वकोशात असेल तर 'हाच तो' असं सांगणारा तिथला दुवा.

"आज्याचा लाव गे, कीर्तना."

"काका, ते वेगळे, तुम्ही वेगळे."

"कोण म्हणालं वेगळे?"

पालथ्या घड्यावर पाणी. लावला. यंत्र बिचारं भाबडं, त्याने घराण्याचा शब्द खरा मानला.

दुपारी इरुंगाट्टुकोट्टैच्या मोटारीच्या भागांच्या कारखान्यातून लावण्या मॅडमचा फोन आला. त्यांची ऑर्डर मिळाली नाही तर काकांना शटर ओढून घरी बसावं लागणार होतं.

"मालक वारलेत असं दिसतंय. शुक्रवारच्या बैठकीआधी दुरुस्त करा, नाहीतर पुरवठादारांच्या यादीतून तुमचं नाव वगळावं लागेल."

"ऐयो, मीच बोलतोय की!" काका ओरडले.

"ते कोणीही म्हणेल, सर."

तरी काका दुवा काढू देईनात. आज्याचं नाव आपल्या हाताने कसं पुसायचं, म्हणे. माझं डोकं फिरलं.

"आज्यांना स्प्रिंगची ऑर्डर नकोय, काका. तुम्हाला हवीय!"

काका भिंतीवरच्या आज्याच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत राहिले. मग मान डोलावून म्हणाले, "सरी. काढ."

शुक्रवारी सकाळी चौकट दुरुस्त झाली आणि दुपारी ऑर्डर मिळाली. मी मैसूरपाक घेऊन गेले, तर काका फोन हातात धरून बसलेले. स्वतःचं नाव शोधत होते. आज्यांची चौकट शाबूत होती, जन्मापासून मरणापर्यंत. काका कुठेच नव्हते. तिसऱ्या पानावर कारखान्याचा पत्ता तेवढा सापडला.

"मेलो होतो तेच बरं होतं गे. कोणीतरी होतो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

काकांनी मैसूरपाकाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"'हाच तो' नको," ते म्हणाले. "'ह्याचा तो' असं काही असतं काय त्यात?"

वेबसाइटच्या पोटात नातेवाइकांसाठी वेगळी जागा असते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि तिथे लिहिलं: नातू.