पिवळाच राहिलेला पाव

अठ्ठावन्न सालच्या वैशाखातला सोमवार. रेवदंड्याच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईहून मोटार आली होती, मोटारीवर कर्णा आणि कर्ण्याखाली प्रत्यक्ष सीता. म्हणजे सिनेमात सीता झालेली नटी. बायका तिच्या पाया पडत होत्या. शेजारी एक नामांकित पहिलवान नवा पाव दातांनी तोडून दाखवत होता.

"हा साधा पाव नव्हे, माउल्यांनो," चांगदेवमहाराज कर्ण्यातून सांगत होते. "हा भगवती पाव. तुम्ही खाल, तसा देवीच्या देवळाला कळस चढेल. सीतामाई रोज खातात, पहिलवान रोज खातात. आणि जिचं मन शुद्ध, तिच्या हातातल्या पावाला देवी स्वतः कुंकू लावते."

पिवळ्या पावाचा तुकडा तळहातावर घ्यायचा, महाराज तांब्यातलं तीर्थ शिंपडायचे आणि पाव लालभडक व्हायचा. माझाही झाला. डोळ्यांत पाणी आलं. सोमवारचा उपास, म्हणून उरलेला पाव पदरात बांधला.

माझ्या मागे शेजारची केसर होती. सकाळपासून ती माझ्याच अंगणात आंबोशीसाठी कैऱ्या चिरत होती; कर्णा वाजला तशी विळी सोडून ओल्या हातांनीच माझ्याबरोबर धावत आली. तिच्या हातातला तुकडा पिवळाच राहिला. महाराजांनी पुन्हा तीर्थ शिंपडलं. पिवळाच.

"पोरी, काय लपवलंस?" महाराज हळूच म्हणाले, पण कर्ण्यातून.

तिचा नवरा गुणाजी समुद्रावर गेलेला, होडीला दोन दिवस उशीर झालेला. सासू ठमाबाई तिथेच म्हणाली, "आता कललं माजा पोर का येत न्हाय ते. उद्या हिला थेरोंड्याला बापाकडं धाडते. परत आनायची न्हाय."

बायका बाजूला सरल्या. मीही पदर सावरून सरले. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

संध्याकाळी लुगडं धुवायला काढलं. पाव बांधला होता तिथे पिवळा डाग पडला होता. साबण लावला आणि डाग कुंकवासारखा लाल झाला. मी धुण्याच्या दगडावर बसूनच राहिले. हळद. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे गावातल्या कुठल्या बाईला ठाऊक नाही? रोज बघतो आपण. पण समोर सीता उभी, तेव्हा एकीलाही आठवलं नाही.

पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, वरची निवळी पावावर शिंपडली. लाल. त्यावर केसरने चिरलेली कैरीची फोड चोळली. पुन्हा पिवळा.

सकाळी मोटार निघण्याआधी देवळापुढे गेले. "महाराज, हाताला ही कैरी चोळा आणि मग एक तुकडा घ्या."

"बाई, देवाची परीक्षा घेता?"

"देवाची नाही. तांब्याची."

महाराजांनी हात मागे घेतला. पुढे केला तो त्या नटीने, कैरी चोळून. मी तांब्यातलं तीर्थ शिंपडलं, तरी तिच्या हातावर पाव पिवळाच राहिला.

"मंग सीतामाईचं पन मन मलकं हाय का वो?" गावातली रतन गर्दीतून म्हणाली. कुणीतरी हसलं.

नटी हळू आवाजात म्हणाली, "रोज खाते म्हणतात, पण मी अजून चाखलासुद्धा नाही."

मग मी घरून आणलेली निवळी रतनच्या तुकड्यावर शिंपडली. लाल झाला. महाराज मोटारीत जाऊन बसले.

ठमाबाई पदर सावरून घराकडे चालू लागली. दुपारी गुणाजीची होडी आली. वारा पडला होता, एवढंच. मी थेरोंड्याला गेले. केसर पडवीत बसली होती, पहाटे नेलेलं गाठोडं अजून सोडलेलं नव्हतं.

"काकी," ती म्हणाली, "तुमच्या पदराला डाग पडला नसता तर?"

मी तिच्याजवळ पडवीत बसले.

माझे उपास, माझी तुळस, सगळं चालू आहे. देवाला त्यासाठी चुन्याच्या निवळीची गरज पडली नाही. एवढंच मागणं आहे: डोळ्यांपुढे काही बदललं, तर ते घरी नेऊन एकदा धुऊन बघा. सांगणारा कितीही मोठा असो. आणि एखाद्या बाईचा निवाडा तिच्या तळहातावर होत असेल, तर बाजूला सरण्याआधी तिला विचारा, ते हात सकाळपासून काय काम करत होते.